तेजाबरावांचा सोडा

तेजाबराव सकाळी दुकान उघडलं की सगळ्यात आधी तागडीवर ओरडायचे. तागडीनं काही केलेलं नसायचं. बिचारी रात्रभर खुंटीला टांगलेली असायची. पण तिच्या एका पारड्यावर चिमूटभर धूळ बसलेली दिसली, की हे तिला माणसासारखं फैलावर घ्यायचे. तुझ्यापायी मी खोटा पडतो, तुला लाज नाही, असं म्हणत दोन्ही पारडी उपरण्यानं घासून काढायचे, मग रिकामी तागडी वर धरून काटा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून उभे राहायचे. काटा मधोमध थांबला तरी चेहऱ्यावरचा राग जायचा नाही. आज थांबलीस, उद्याचं काय, असा तो राग असायचा.

माझं शिंप्याचं दुकान त्यांच्या भिंतीला भिंत लावून. बीडच्या बाजारात बाकीचे लोक देवाचं नाव ऐकून कामाला लागायचे, माझा दिवस तागडीला पडलेल्या शिव्यांनी सुरू व्हायचा. माझा स्वभाव मूळचा शांत. पण त्या माणसाशेजारी दहा-बारा वर्षं काढल्यावर मीही सुईला शिव्या द्यायला लागलो, असं माझी बायको म्हणते.

खरं नाव शंकरराव. गोळीच्या सोड्याचा कारखाना होता त्यांचा, म्हणजे एक तांब्याची टाकी, एक मोठं चाक, दोन-चार नळ्या आणि ओल्या पोत्याखाली झाकलेल्या बाटल्या. टाकीत सोड्याची पूड घालायची, तिच्यावर तेजाब सोडायचं, की दोघांची गाठ पडून हवा उठते. ती हवा चाक फिरवून पाण्यात कोंबायची आणि पाणी बाटलीत भरायचं. हवेच्या जोरानं बाटलीतली काचेची गोळी आपसूक वर जाऊन तोंड बंद करते. तेजाब म्हणजे सांडलं तर फरशी चरचरावी असला जहाल पदार्थ, आणि यांची जीभ त्याच जातीची, म्हणून बाजारानं त्यांना तेजाबराव केलं. त्यांना ते ठाऊक होतं. त्याचाही राग होताच, पण तो वेगळाच. तेजाब एकटं काही करत नाही, निम्मं काम सोडा करतो, मग मला सोडाराव का म्हणत नाहीत, असं ते मला विचारायचे. 

गिऱ्हाइकाचं आणि त्यांचं एक दिवस धड जमलं नाही. नारायणगडाच्या जत्रेहून उन्हातान्हाचे लोक यायचे, तोंडाला फेस आलेला, आणि सहज विचारायचे, "लई जोर हाय का मालक सोड्याला?" झालं. लई म्हणजे किती, असा उलटा सवाल यायचा. माणूस तहानेनं गोंधळलेला, तो म्हणायचा, असंल आपला अंदाजे. 'अंदाजे' हा शब्द त्या दुकानात निघाला की मी मशीन थांबवून कानावर हात ठेवायचो. अंदाज म्हणजे आळस, अंदाज म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ, हैदराबादेच्या कॉलेजात आमचा प्रोफेसर अंदाजानं ओतायचा म्हणून मी कॉलेजावर लाथ मारून आलो, हे सगळं त्या माणसाला उन्हात उभं राहून ऐकावं लागायचं. मग बाटली मिळायची. ती पूर्ण पिईपर्यंत हे समोर उभे. तळाशी घोटभर उरवून बाटली परत दिली, तर तो घोट बनवायला सोडा किती लागला याचं व्याख्यान. तरी लोक येत, कारण बीडमध्ये दुसरीकडे सोडा मिळत नव्हता, आणि खोटं कशाला बोलू, तसा सोडा मी पुढं जालन्यालाही प्यालो नाही.

बारा तोळे सोडा, सात तोळे तेजाब. हे त्यांचं ठरलेलं होतं. दिवसभर भिंतीपलीकडून 'बारास सात, बारास सात' ऐकू यायचं. एकदा मी वैतागून विचारलं, हे बारास सात कुठल्या पोथीत लिहिलंय, सरळ दहास दहा का घालत नाही. ते ताडताड माझ्या दुकानात आले आणि बटणांचा डबा माझ्या मांडीवर आदळला.

"शिंपीबुवा, एका सदऱ्याला बटणं किती?"

"चार."

"मग पाच शेर कापडाला पाच शेर बटणं लावता का?"

मी म्हणालो, असं कुणी करतं का. तेव्हा ते म्हणाले, कापड आणि बटणं नगावर जुळतात, वजनावर नाही. सोड्याचे दोन कण आणि तेजाबाचा एक कण, अशीच त्यांची गाठ पडते, दीड नाही आणि अडीच नाही. मी म्हणालो, कण तर दिसत नाहीत, मोजता कसे? या प्रश्नावर माझ्या आठवणीत पहिल्यांदा त्यांनी आवाज थोडा खाली आणला. तुम्ही हजार बटणं घेताना मोजत बसता का, असं विचारलं. मी नाही बसत. डझनाचं वजन ठाऊक असतं, तागडीत टाकतो. तसंच, म्हणाले, विलायतेतल्या लोकांनी दोघांचे सारख्या कणांचे ढीग तोलून ठेवलेत. सोड्याचा ढीग भरतो चौऱ्याऐंशी, तेजाबाचा तेवढ्याच कणांचा ढीग अठ्ठ्याण्णव. सोड्याचे दोन ढीग घ्या, एकशे अडुसष्ट. त्याला तेजाबाचे अठ्ठ्याण्णव. दोघांना चौदानं भागा. बारा आणि सात. त्यातून हवा निघणार सव्वासहा तोळे आणि वर थोडी. तुम्ही रडलात तरी तेवढीच, नाचलात तरी तेवढीच.

मला ते खरंच पटलं. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. कापड दहा सदऱ्यांचं आहे आणि बटणं पाचच सदऱ्यांना पुरतील एवढी, तर सदरे किती होतील, असं विचारलं. मी म्हणालो, दहा. पाचांना बटणं आणि पाचांना नाड्या लावीन.

आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत.

आता ज्या प्रकरणासाठी हे सगळं सांगतोय ते सांगतो. ते आठवलं की अजून माझं डोकं तापतं.

गेवराईकडच्या एका गावचे देशमुख होते, मोठं घराणं. त्यांच्या मुलीचं लग्न निघालं. कपडे शिवायला मला बोलावलं आणि वऱ्हाडाला सोडा पाजायला तेजाबरावांना. ते लग्नाच्या सुपाऱ्या घेत नसत. ही का घेतली, तर यंत्राच्या नळ्या झिजल्या होत्या आणि नव्या आणायच्या होत्या, असं मला म्हणाले. यंत्र गाडीत घातलं, मीही त्याच गाडीत बसलो आणि गाव येईपर्यंत गाडीवान खड्डे चुकवत नाही म्हणून झालेलं भांडण ऐकलं.

सोड्याची पोती जालन्याहून परभारे तिथं यायची होती. शहागडला गोदावरी उतरताना बैल बुजले, गाडी कलंडली, सोडा पाण्यात गेला. तेजाबाचे काचेचे हंडे गवतात बांधलेले, ते साबूत आले. सोडा हाती लागला तो ठरल्याच्या निम्मा. तेजाबरावांनी उभ्या उभ्या हिशेब केला आणि देशमुखांचा कारभारी होता भुजंगराव, त्याला सांगितलं की बाटल्या निम्म्याच होतील.

भुजंगराव हा गुळगुळीत माणूस. देशमुखांपुढं मान वर करायचा नाही आणि बाकी कुणापुढं खाली करायचा नाही. तो म्हणाला, "सोडा कमी हाय त असू द्या. तेजाब भरून हाय न्हवं? ते दुप्पट घाला. भाजीत मीठ कमी पडलं तर तिखट वाढवतोच की आमी."

तेजाबरावांच्या कपाळाची शीर मला चार हातांवरून दिसली. ते म्हणाले, "सोडा संपला की तेजाब नुसतं बसून राहतं. हवा तेवढीच निघते, वर तेजाब उरतं. उरलेलं तेजाब पाण्यातून माणसाच्या पोटात जातं. तुमच्या डोक्यात काय भरलंय ते मला ठाऊक नाही, पण तेही अंदाजानंच भरलेलं दिसतं."

चार माणसांत हे बोलायला नको होतं. भुजंगराव हसला, पण तो आतून पेटला हे मला दिसलं. मी तेजाबरावांना बाजूला घेऊन म्हणालो, की आपण पोटासाठी आलोय, जरा गोड बोला. ते माझ्यावरच उखडले.

अक्षता पडल्या. पंगती बसल्या. तेजाबराव पंगतीत बसले नाहीत. आपली फडक्यातली भाकरी घेऊन विहिरीकडे गेले. मला त्यांचा तेव्हा रागच आला. म्हटलं, काय हा ताठा, देशमुखांचं अन्नसुद्धा यांच्या मापात बसत नाही.

ते गेल्याचं बघून भुजंगरावानं टाकीचं झाकण उघडलं आणि उरलेलं तेजाब भडाभडा आत ओतलं. सोडा केव्हाच संपलेला. टाकी ढिम्म. चाक फिरवलं, गोळ्या वर जाईनात. तेव्हा या शहाण्यानं स्वयंपाकघरातून पापडखाराचं गाठोडं मागवलं आणि तेच आत टाकलं. टाकीत उकळी फुटल्यासारखा आवाज झाला, फेस नळीत चढला आणि नळीतून थेट पाण्यात गेला. गोळ्या मात्र टपाटप वर बसायला लागल्या. भुजंगराव खूश. हे सगळं मी नंतर आचाऱ्याकडून ऐकलं. त्या वेळी मी मांडवात नवरीजवळ बसलो होतो, कारण तिच्या परकराचा काठ उसवला होता आणि त्याला मी टाके घालत होतो.

नवरी म्हणजे दहा-अकरा वर्षांची पोर. सकाळपासून उपाशी, ओठ सुकलेले. पहिला पेला तिला द्यायचा म्हणून भुजंगरावानं स्वतः आणला. तिनं दोन्ही हातांनी धरला आणि तोंडाला लावणार, एवढ्यात विहिरीवरून परतलेले तेजाबराव, टाकीजवळ तेजाबाचे हंडे रिकामे पाहून, मांडवातून माणसं ढकलत आले. त्यांनी तो पेला तिच्या हातातून हिसकला आणि फेकला. अर्धा माझ्या गुडघ्यावर सांडला. पोर घाबरून रडायला लागली. भर मांडवात, लग्नाच्या घडीला, नवरीच्या हातातलं पाणी परक्या माणसानं ओढून घेतलं. कुणाला काही कळायच्या आत तोरणाची काठी उपसून ते बाटल्यांकडे वळले आणि भरलेल्या सगळ्या बाटल्या त्यांनी फोडून टाकल्या. तोंडानं एकच चाललं होतं, अंदाजानं ओतलं, अंदाजानं ओतलं.

देशमुखांच्या माणसांनी त्यांना धरून पुष्कळ मारलं. भुवई फुटली. देशमुखांनी भुजंगरावाला विचारलं, तर तो म्हणाला, मी यंत्राला हातही लावला नाही, हा माणूस मुळातच डोक्यानं फिरलेला आहे. बाटल्या फुटलेल्या, पाणी मातीत जिरलेलं, दाखवायला काही उरलं नव्हतं. निवाडा असा झाला की तेजाबरावांनी देशमुखांच्या पायावर डोकं ठेवावं आणि यंत्र घेऊन जावं. तेजाबराव म्हणाले, टाकीच्या पायावर ठेवतो, ती तुमच्यापेक्षा इमानी आहे. मग यंत्र तिथंच राहिलं आणि आम्ही दोघं पायी गेवराईच्या वाटेला लागलो.

वाटेत मी त्यांना वाटेल तसं बोललो. माझंही ते गिऱ्हाइकाचं घर तुटलं होतं. पोराबाळांचा धनी मी, यांच्या नादानं देशमुखांच्या डोळ्यांत वाईट झालो. ते खाली मान घालून चालत राहिले. मला वाटलं, चला, एकदाची जिरली. बीडला आल्यावर त्यांचं दुकान बंद ते बंदच.

आठएक दिवसांनी बायकोनं माझं लग्नातलं धोतर धुवायला काढलं आणि तशीच ते घेऊन माझ्याकडे आली. गुडघ्यावर जिथं पेला सांडला होता, तिथलं कापड नुसत्या बोटानं विरत होतं. भोकं पडली होती, हाताएवढी. मी जन्मभर कापड हाताळलंय. ते कुजलेलं नव्हतं, उंदरानं खाल्लेलं नव्हतं, जळालेलं होतं. मी त्या पोरीचे सुकलेले ओठ आठवले आणि तसाच उठलो.

तेजाबरावांचं घर बिंदुसरा नदीच्या पलीकडे, पेठेत. मी तिथं कधी गेलो नव्हतो. त्यांनी कुणालाच बोलावलं नव्हतं. बायको फार मागं वारली, एवढंच बाजाराला ठाऊक. दुपार कलली होती, दार लोटलेलं होतं. आतून बोलण्याचा आवाज आला तेव्हा मला वाटलं घर चुकलो, कारण तो आवाज इतका हळू होता की तेजाबरावांचा असेल असं वाटेना.

ओसरीवर ते बसले होते, भुवईला पट्टी. समोर चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, आणि दोघांमध्ये चिंचोक्यांचे दोन ढीग. मुलीचं कपाळ रिकामं, हात रिकामे. पण पाठीवर लांब वेणी होती. त्यांच्या जातीत अशा मुलीचे केस ठेवत नसत. यांनी ठेवले होते. पंगतीला का बसत नाहीत, जातवाले यांच्या सावलीला का उभे राहत नाहीत, हे सगळं मला त्या वेणीकडे बघून उमगलं. मी दारातच थांबलो.

"सोडा बारा तोळे आहे अंबू," ते म्हणत होते, "पण तेजाब साडेतीनच तोळे. हवा किती निघेल?"

"सव्वासहा. आणि वर थोडी."

मी डोळे मिटले. यापेक्षा लहान चुकीसाठी या माणसानं तालुक्याच्या अंमलदाराला दुकानाच्या पायरीवरून उतरवलेलं मी पाहिलं होतं.

तेजाबराव पुढं वाकले. चिंचोक्यांचा लहान ढीग तिच्याकडे जरा सरकवला. "तेजाब पुरतंय का बघ," म्हणाले. "घाई नाही. सावकाश."

ती बराच वेळ चिंचोके जुळवत बसली. मध्ये चुकली, पुन्हा मांडले. ते भिंतीला टेकून वाट बघत होते. मग ती म्हणाली, "बारा तोळ्यांना सात लागतं, आपल्याकडे त्याच्या निम्मं आहे. म्हणजे हवा पण निम्मी. तीन तोळे आणि वर थोडी. आणि सहा तोळे सोडा नुसता राहील."

"राहील," ते म्हणाले, आणि हसले. मी त्यांना हसताना आधी बघितलेलंच नव्हतं.

तेवढ्यात तिची नजर माझ्यावर गेली आणि ते उठून उभे राहिले. चेहरा पुन्हा बाजारातला झाला. न विचारता घरात का आलात, असं विचारणारच होते, पण मुलगी आधी बोलली.

"तुम्ही शिंपीकाका ना? आमचं यंत्र दुरुस्तीला गेलंय. ते कधी येणार हो?"

मी तेजाबरावांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत होते. तसं माझ्याकडे त्या माणसानं कधी बघितलं नव्हतं.

"येतंय," मी म्हणालो. "कारागीर जरा धिमा आहे."

धोतराचं मी तिथं काही काढलं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच ते काखेत मारून देशमुखांच्या गावी गेलो. वाटभर बोलायची तयारी केली होती, पण तिथं बोलावं फारसं लागलं नाही. देशमुखांनी धोतर हातात घेतलं, भोकाशेजारी अंगठा लावला, कापड टरकलं. त्यांनी विचारलं, हे कुठल्या पाण्यानं. मी म्हणालो, ताईसाहेबांच्या हातातला पेला माझ्या गुडघ्यावर सांडला, त्या पाण्यानं. त्यांनी अंगठा उपरण्याला पुसला. मग भुजंगरावाला हाक मारून विचारलं की टाकीत तेजाब कुणी घातलं. तो म्हणाला, "थोडंसंच घातलं मालक, अंदाजानं."

माफी मागायला देशमुख बीडला आले नाहीत. तशी माणसं येत नाहीत, आणि त्याचा राग मला अजून आहे. पण त्याच दिवशी यंत्र गाडीत चढवलं, आणि भुजंगरावाला पुन्हा मी त्या वाड्यात पाहिलं नाही.

गाडी बाजारात आणली तेव्हा तेजाबराव बंद दुकानाच्या पायरीवर बसले होते. यंत्र पाहून उठले, एक चक्कर मारली, कुठं काय वाकलंय ते बघितलं. मला वाटलं आता सुरू होणार.  पण ते गाडीवानाला एवढंच म्हणाले, इथं उतरवू नको, आधी पेठेत घे. मग गाडीत चढले आणि नदी उतरेपर्यंत बैल नीट हाकत नाही म्हणून त्याला झापत राहिले.

घरापुढं गाडी थांबली. गल्लीतली दारं किलकिली झाली, बायका डोकावू लागल्या. अंबू उंबरठ्याच्या आत उभी होती. तिनं तिथूनच यंत्र बघितलं.

"बाबा, टाकीला पडलेला जुना पोचा तर तसाच आहे. काय दुरुस्त केलं?"

तेजाबराव उगाच यंत्राची दोरी सोडायला वाकले. 

"आतून केलंय, बाई," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग बापाच्या भुवईवरच्या खपलीकडे.  सगळी गल्ली बघत असताना ती उंबरठा ओलांडून खाली आली, गाडीच्या चाकावर पाय देऊन वर चढली, आणि यंत्राचं चाक दोन्ही हातांनी धरून फिरवू लागली. शेजारचं एक दार मोठ्यानं आपटलं.

तेजाबरावांनी त्या दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. ते बाजूला सरकले, तिला जागा करून दिली, आणि चाक हळू फिरव, असंही म्हणाले नाहीत.